डोंगराचाही खोडवा असतो

लाकूडतोड, वणवा आणि आपली विहीर यांविषयी चार गोष्टी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



खोडव्याच्या निगेबद्दल या पानावर दरवर्षी लिहिले जाते. तोडणी सुरू झाली की शेतकी विभागाची माणसे बांधावर येऊन तेच पुन्हा तोंडी सांगतात. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट जाळू नका, फडात मोकाट जनावरे सोडू नका, नांग्या भरा. तुम्हांला हे आता पाठ झाले आहे. कित्येक जण तर आमचे वाक्य अर्ध्यात तोडून पुढचे स्वतःच म्हणून दाखवतात!

आज याच खोडव्याचा धडा जरा वर, डोंगराकडे न्यायचा आहे. घोटावड्याच्या शिवारात उभे राहून उसाच्या शेंड्यांवरून नजर टाकली की मागे डोंगर दिसतो. कुठे त्यावर अजून साग-ऐनाची दाटी आहे, कुठे नुसते गवत, आणि कुठे लाल मातीची ताजी जखम. त्या डोंगरावरच्या लाकडाचे काय झाले, काय होत आहे आणि आपल्या हातात काय आहे, हे पाहू. विषय उसाचा नाही म्हणून पान उलटू नका. उसाला पाणी विहिरीचे आणि नदीचे लागते, विहीर डोंगरात मुरलेल्या पावसावर चालते, आणि पाऊस मुरवायचे काम झाडे करतात. डोंगर उघडा पडला की पहिला हिशेब मागते ती विहीरच.

तोडलेले झाड मरत नाही

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या, की आपल्या भागातली बहुतेक पानगळीची झाडे उसासारखीच आहेत. साग, ऐन, धावडा, खैर ही झाडे नीट तोडली तर मरत नाहीत. खाली मुळे जिवंत असतात, खुंटाच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात, आणि पहिल्या पावसात तिथून फुटवे येतात. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने हे फुटवे बियांपासून आलेल्या रोपापेक्षा कितीतरी जोमाने वाढतात. लागवडीच्या उसापेक्षा खोडव्याला पाणी, बियाणे आणि मशागत कमी लागते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून मी म्हणतो, डोंगराचाही खोडवा असतो.

आता पुढचे पाहा. खोडवा चांगला येणार की नाही, हे उसाची तोडणी झाली त्याच दिवशी ठरते. तोडकऱ्याने ऊस वर तोडला तर वरचे डोळे फुटतात. ते फुटवे अशक्त, त्यांना स्वतःची मुळे धड येत नाहीत. जमिनीलगत तोडला तर खालचे डोळे फुटतात आणि बेट मजबूत होते. झाडाचे तंतोतंत तसेच आहे. कमरेइतक्या उंचीवर तोडलेल्या खुंटाच्या टोकाला फुटवे येतात खरे, पण ते वाऱ्याने मोडतात आणि खुंट वरून कुजत खाली येतो. वीतभर किंवा त्याहून खाली, तिरकस आणि गुळगुळीत घाव घालून तोडलेल्या झाडाचे फुटवे जमिनीशी जोडले जातात आणि झाड पुन्हा उभे राहते. अडाणीपणाने घाव घालून साल खालपर्यंत सोलली, की त्या खुंटाचे भवितव्य संपले.

डोंगर उघडा कसा पडला

लाकडाची गरज आजची नाही. मराठ्यांच्या राज्यात आरमाराला सागवान लागे, किल्ल्यांना लागे, वाड्यांना लागे. इ. स. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात या लाकडाविषयी स्पष्ट हुकूम आहेत. सागासारखे लाकूड लागेल तेवढेच आणि परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती जिवापाड जपलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याचे पैसे देऊन मगच तोडावे. झाड किती वर्षांत तयार होते हे पाहून तोडीचा हुकूम काढणारे हे राज्यकर्ते होते. गंमत अशी, की त्याच सुमारास, 1713 मध्ये, जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाणखात्याच्या अधिकाऱ्याने एक ग्रंथ छापला. खाणींच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा जंगल जेवढे वाढते तेवढेच तोडावे, असे त्याने मांडले. वनशास्त्रात हा विचार आजही पाया मानतात. दोन मुलुख एकमेकांना न भेटता एकाच निष्कर्षाला आले, कारण अडचण एकच होती.

पुढे इंग्रजी अमलात मागणी वाढली. 1847 मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ आपल्या मुळा नदीच्याच काठी, दापोडीच्या सरकारी वनस्पती-बागेचे प्रमुख होते. डोंगर उघडे केले की ओढे लवकर आटतात, हा इशारा त्यांनी त्या काळात दिला होता. पण 1853 मध्ये रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या स्लीपरसाठी सागासारख्या टणक लाकडाला मागणी आली. 1878 च्या वन कायद्याने मोठे जंगल सरकारी राखीव झाले, आणि गावाचा त्यावरचा जुना हक्क आकसला. जे आपले नाही ते राखायचे कशाला, असे गावकऱ्याला वाटू लागले. हा तोटा लाकडाच्या मापात मोजता येत नाही.

मावळात आणि मुळशीत आणखी दोन कारणे होती. एक म्हणजे राब. भाताच्या रोपवाटिकेसाठी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटायच्या, त्यांवर पाला, गवत, शेण आणि मातीचा थर द्यायचा आणि जाळायचे. तण मरते, राख मिळते, रोप चांगले येते. आजोबांच्या काळात डोंगर मोठा आणि माणसे थोडी होती, तेव्हा हे निभावले. माणसे वाढली आणि छाटणीची फेरी जवळ आली, तशी झाडे नुसती खांबासारखी उभी राहिली.

दुसरे कारण कोळसा. पुण्या-मुंबईच्या चुली, लोहारांचे भाते, धोब्यांच्या इस्त्र्या आणि हॉटेलांच्या भट्ट्या सह्याद्रीच्या लाकडी कोळशावर चालत. मातीच्या भट्टीत एक टन कोळसा काढायला साधारण चार ते सहा टन लाकूड लागते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा मोटारीसुद्धा कोळशाच्या गॅसवर धावल्या. घाटात रस्ते झाले तिथे ट्रक पोचले, आणि ट्रक पोचला तिथे कोळशाचा ठेकेदार पोचला. मालकीच्या रानातली झाडे उक्त्या सौद्यात, किरकोळ रकमेला गेली. भट्टी लावणारे कातकरी कुटुंब उचलीत अडकलेले, झाड विकणारा शेतकरी नडलेला. पैसा मधल्यामध्ये राहिला.

मुळशीचे दुःख याहून वेगळेही आहे. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. धरण झाले, खोऱ्यातली भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि काठाची माणसे वर उतारावर सरकली. सपाट जमीन गेली की माणूस चढावर नांगर धरतो, आणि चढावरची झाडे त्याच्या वाटेत येतात. त्याला दोष देऊन काय उपयोग?

कुऱ्हाड, वणवा आणि जेसीबी

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोळशाच्या ठेकेदाराने डोंगर बोडके केले, हे खरे. पण त्याच्या मजुराच्या हातात कुऱ्हाड होती. कुऱ्हाड खुंट मागे ठेवते. म्हणून गॅसच्या टाक्या आल्यावर आणि कोळशाची मागणी उतरल्यावर जिथे राखण झाली, तिथे दहा-पंधरा वर्षांत रान पुन्हा भरले. तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर भरले. आज जिथे साग-ऐनाची दाटी दिसते, तिथे खाली वाकून पाहा. एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडे वर गेलेली दिसली, तर ओळखा की हा खोडवा आहे.

खोडवा मारणारी गोष्ट वेगळी असते. उसात आपण काय पाहतो? पाचट पेटवले की बुडख्यावरचे डोळे भाजतात, फूट विरळ होते. फुटव्यांत शेळ्या शिरल्या की शेंडे गेले. आणि रोटाव्हेटर फिरवला की विषयच संपला. डोंगरावर हेच तीन शत्रू आहेत.

पहिला वणवा. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत रात्री डोंगरावर लाल माळा दिसतात. दिसायला शोभा, पण प्रत्येक माळ म्हणजे हजारो फुटव्यांची चिता. डोंगर जाळला की गवत चांगले येते, असा समज आहे. कोवळे गवत लवकर दिसते हे खरे. पण पालापाचोळ्याचा थर जळून गेल्यावर पहिल्या पावसाचे थेंब थेट उघड्या मातीवर आपटतात, आणि ती माती ओढ्याने खाली येते. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी जाड, भरड, जनावर तोंड लावणार नाही असेच गवत उरते. पाचट जाळू नका हे आम्ही ज्या कारणांनी सांगतो, त्याच कारणांनी डोंगर जाळू नये. सेंद्रिय माल जळतो, ओल उडते, जिवाणू मरतात.

दुसरा शत्रू तोडीनंतर लगेच होणारी चराई. तोड झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे फुटवा शेळीच्या तोंडाच्या उंचीवर असतो. तेवढी वर्षे तो तुकडा बंद ठेवला, तर पुढे जनावरे सोडली तरी फारसे बिघडत नाही. शेळी गरिबाची गाय आहे, तिला हाकलून लावा असे मी म्हणणार नाही. तिला आळीपाळीने तुकडे द्या, एवढेच सांगतो.

तिसरा शत्रू नवा आहे, आणि सर्वांत मोठा. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, तशा आपल्या भागातल्या जमिनीच्या किमती आकाशाला भिडल्या. प्लॉट पाडण्यासाठी, रस्त्यासाठी, बंगल्यासाठी डोंगर फोडला जातो. जेसीबी झाड तोडत नाही, उपटतो. खुंट गेला, मुळे गेली, ज्या मातीत मुळे होती तीही खाली ढकलली गेली. कुऱ्हाडीने गेलेले रान नातवाला परत मिळू शकते. जेसीबीने गेलेले रान पणतूलाही मिळणार नाही. फडातून बेटेच खणून काढली तर खोडवा कोणत्या डोळ्यातून फुटणार?

उतारावरची मुळे म्हणजे मातीतले टाके असतात. ते उसवले की काय होते, हे आपल्या जिल्ह्याने 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावी पाहिले. दीडशेहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. अतिवृष्टी हे तिथले तात्कालिक कारण होते, आणि उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. माळीणचे नाव घेऊन कोणाला घाबरवायचे नाही. पण ज्या डोंगराखाली आपले घर आहे, त्या डोंगरावर यंत्र चढताना दिसले तर तो आपला विषय नाही असे कोणी समजू नये.

खोडव्याचे सहा नियम, डोंगरासाठी

पुष्कळ सभासदांच्या सातबाऱ्यावर चार-पाच एकर डोंगरपड आहे. तिच्यातून सरपण, वासे, मेढी, पुढेमागे इमारती लाकूडही मिळू शकते, आणि डोंगरही हिरवा राहू शकतो. खोडव्याचेच नियम लावायचे आहेत.

1. सगळे एकदम तोडू नका. कारखाना सगळा ऊस एका दिवसात तोडत नाही, तोडणीचा कार्यक्रम लावतो. रानाचाही लावा. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. त्याचे वीस-वीस गुंठ्यांचे दहा तुकडे पाडा आणि वर्षाला एकच तुकडा तोडा. वनखाते अशा तुकड्याला कूप म्हणते. दहावा तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा सरपणाजोगा आणि वाशाजोगा झालेला असतो. इमारती साग हवा असेल तर मात्र निवडक खोडांना चाळीस-पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक द्यावी लागतात. ती आपल्यासाठी नाहीत, नातवंडांसाठी आहेत.

2. तोडणी झाड झोपलेले असताना करा. पानगळ झाल्यावर, डिसेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे आपल्या गळिताच्याच दिवसांत. पावसाळ्यात तोडलेल्या झाडाचा साठा पानांत गेलेला असतो, मग फूट कमजोर येते.

3. तोड खाली, तिरकस आणि धारदार हत्याराने करा. तिरकस अशासाठी, की खुंटावर पाणी साचू नये. बुडखे छाटताना आपण कोयत्याला धार लावतो, तशीच कुऱ्हाडीला आणि करवतीला लावा.

4. फुटवे विरळ करा. एका खुंटाला दहा-बारा फुटवे आले म्हणून हुरळू नका. दुसऱ्या वर्षी त्यांतले दोन सरळ, निरोगी ठेवा, बाकीचे छाटा. छाटलेले जळणाला आणि पाला खताला होईल.

5. बियांची झाडे राखा. खोडव्यातही दोन-तीन पिकांनंतर नांग्या पडतात आणि त्या भराव्या लागतात. खुंटही म्हातारे होतात. म्हणून प्रत्येक तुकड्यात काही मोठी झाडे उभी ठेवा, त्यांच्या बियांतून नांग्या आपोआप भरतील. मोह, हिरडा, जांभूळ, आंबा यांना शक्यतो हात लावूच नका. उभी राहून ती जास्त देतात.

6. राखण करा. पावसाळा संपल्यावर गवत कापून घ्या आणि कडेने दहा-बारा फूट रुंद पट्टा साफ ठेवा. यालाच जाळरेषा म्हणतात. शेजाऱ्याशी बोलून दोघांच्या डोंगराला मिळून एकच रेषा काढली तर श्रम निम्मे होतात. एकट्याने वणवा आवरत नाही, वाडीने आवरतो.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. खोडव्याचे उदाहरण सगळीकडे ताणू नका. पश्चिमेकडे ताम्हिणीच्या अंगाचे सदाहरित रान आणि गावोगावच्या देवराया या तोडणीच्या जागा नाहीत. आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने जे तुकडे राखले, ते बियाण्याचे प्लॉट समजा. बियाण्याचा प्लॉट कोणी गाळपाला पाठवत नाही. देवराईतला झरा उन्हाळ्यात का टिकतो, याचे उत्तर तिथल्या पायाखालच्या पालापाचोळ्यात आहे.

मग लाकूड वापरूच नये का?

काही सभासद विचारतात, झाडे तोडू नका म्हणता, मग दारे-खिडक्या कशाच्या करायच्या? अवजाराचा दांडा कशाचा? रास्त प्रश्न आहे. लाकूड वापरणे पाप नाही. लोखंड, सिमेंट आणि ॲल्युमिनियम तयार करायला प्रचंड कोळसा आणि वीज जाळावी लागते, आणि खाण एकदा रिकामी झाली की पुन्हा भरत नाही. लाकूड मात्र पुन्हा उगवते. प्रश्न एवढाच, की ते कुठून आले आणि त्याच्या जागी पुन्हा उगवू दिले का.

सरकारी जंगलावर आता कायद्याचा पहारा आहे. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला वळवण्यावर केंद्राची परवानगी आली. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय वनातली तोड थांबवली. साहजिकच बाजारात परदेशी लाकूड आले. ब्रह्मदेशचा साग आपल्याकडे पूर्वीपासून प्रसिद्ध. पण त्या देशानेही 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, कारण त्यांचेही डोंगर रिकामे होत चालले होते. आपले जंगल राखायचे आणि दुसऱ्याचे तोडून आणायचे, हा उपाय किती दिवस पुरणार?

खरा उपाय शेतकऱ्याच्या बांधावर आहे. हरियाणात यमुनानगर भागातल्या शेतकऱ्यांनी पॉपलर आणि नीलगिरी शेतात लावली. आज तिथला प्लायवूडचा मोठा धंदा शेतातल्या लाकडावर उभा आहे. पॉपलरच्या ओळींमध्ये ते ऊस आणि गहूही घेतात. पॉपलर आपल्या हवेचे झाड नव्हे, पण साग, बांबू, शिवण आपल्या बांधाला चालतात. बांबूचे तर सोपे झाले आहे. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. बांबूचे बेट आणि उसाचे बेट सारखेच. जुने काढायचे, कोवळे राखायचे, बेट मरत नाही.

आणि हे गावाने मिळून करायचे ठरवले तर काय होते, ते गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले. गाव स्वतः ठरवते किती तोडायचे, स्वतः विकते, स्वतः राखते. पूर्वी हाच बांबू कागद गिरणीच्या ठेक्यात जात होता. ज्याच्या हाती तोड, त्याच्याच हाती राखण आली की कुऱ्हाड आपोआप शिस्तीत चालते. सहकारी कारखान्याच्या सभासदांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ऊस लाकूड वाचवू शकतो

आता आपल्या अंगणात येऊ. उसाच्या वजनाच्या जवळजवळ 28 ते 30 टक्के बगॅस निघते. एक लाख टन गाळपाला सुमारे तीस हजार टन. कारखान्याचे बॉयलर याच्यावर चालतात, म्हणून साखरेसाठी जंगल तोडावे लागत नाही. आपल्या जुन्या गुऱ्हाळांनीही चुलवाणाला चिपाडच घातले. तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कागद कारखाना 1984 पासून बगॅसपासून छपाईचा कागद काढतो. एरवी जो कागद बांबू आणि लाकूड खाऊन होतो, तो उसाच्या चोथ्यातून होतो. बगॅसच्या दाबलेल्या फळ्याही निघतात, त्या फर्निचरला चालतात.

एक उणीव मात्र उघडपणे मांडतो. हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात आणि चुली पेटतात. पाच-सहा महिने त्या चुलींना सरपण कुठून येते, याचा विचार आपण फारसा करत नाही. बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठचे करंज आणि डोंगराचा पायथा, इथूनच ते येते. दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईने संध्याकाळी पुन्हा सरपणाला डोंगर चढायचा, हे माणुसकीला धरून नाही, आणि झाडांनाही परवडणारे नाही. गॅसच्या शेगडीची सोय किंवा बगॅसच्या दाबलेल्या कांड्या आणि धूर कमी करणारी चूल, यांपैकी काहीतरी टोळीच्या करारातच घालावे, अशी माझी सूचना आहे. वार्षिक सभेत सभासदांनी ती उचलून धरावी.

भात घेणाऱ्यांना राबाला पर्याय आहे. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोपे करा, आणि बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडा. चारसूत्री पद्धतीत हे दोन्ही येते. गिरिपुष्प हे तर छाटावे तेवढे फुटणारे झाड, ऐन-किंजळाचा मार ते आपल्या अंगावर घेते. आणि उसाचे पाचट? टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू घालून सरीत कुजवा. डोंगराजवळच्या फडात पेटवलेले पाचट वाऱ्याने डोंगरावर जाते, आणि मग वणवा कोणी लावला याची चर्चा पारावर आठवडाभर चालते.

सौदा करण्यापूर्वी

शेवटी व्यवहाराचे. डोंगरावरची झाडे विकण्याची वेळ आलीच, तर या गोष्टी सांभाळा.

साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ अशा अनुसूचित झाडांना मालकीच्या जमिनीतही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मालाच्या वाहतुकीचा पास वेगळा. ठेकेदार म्हणेल, 'कागदाचं मी बघतो.' त्याला बघू द्या, पण परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका. सातबारा तुमच्या नावावर असतो, ठेकेदाराच्या नाही.

उक्ता सौदा करू नका. उसाला काट्यावर वजन करून पैसे घेतो, मग लाकूड नजरेने का विकायचे? झाडांना खुणा करा, घेर मोजा, घनफुटाने भाव ठरवा. खुंट किती उंचीवर राहील, कोणती झाडे उभी राहतील आणि खुंट उपटले जाणार नाहीत, हे करारात लिहून घ्या. ही एक ओळ लिहून घेतली तर पंधरा वर्षांनी त्याच डोंगरातून दुसरे पीक निघते. नाही लिहून घेतली तर एकदाच पैसे मिळतात, आणि तेही थोडे.

मुलीचे लग्न, दवाखाना, मुलाचे शिक्षण यांसाठी झाड विकावे लागते, हे मी जाणतो. डोंगर ही गरिबाची बँक आहे. पण बँकेतले व्याज काढावे, मुद्दल काढू नये, हे तुम्ही मला शिकवले आहे. फुटवा हे व्याज, आणि खुंट हे मुद्दल.

या उन्हाळ्यात गटातल्या ज्या वाड्या मिळून जाळरेषा काढतील, त्यांनी गट कार्यालयात निरोप द्यावा. रेषा कुठून काढायची, रानाचे तुकडे कसे पाडायचे, कोणते खुंट राखायचे, हे पाहायला मी स्वतः येईन. येताना एखादा धारदार कोयता जवळ असू द्या. वाटेत तुमचे खोडव्याचे बुडखेही बघून घेऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी